लघु भयपटातला दचका आधीच कळतोय: आरसा, गेलेली रेंज आणि रात्रीचा उजेड यांचं काय करावं?

पडवी

१४ मिनिटांच्या भयपटाचा पहिला कट तयार आहे. गोष्ट थोडक्यात अशी: आत्या वारल्यावर घराचे कागद शोधायला पुतणी एकटीच रत्नागिरीकडच्या जुन्या कौलारू घरी येते. पावसाळ्यातली रात्र. वीज जाते, ऐन वेळी फोनची रेंज जाते, अंधारातून मांजर अंगावर उडी मारतं. मग न्हाणीघरातल्या आरशाच्या कपाटाचं दार ती बंद करते, तर आरशात मागे बाई उभी. ती घर सोडून पळते, उंबरठ्यावर रक्त दिसतं, शेवट.

साधनं: फुल फ्रेम मिररलेस कॅमेरा, ३५ आणि ५० मिमी लेन्स, दोन एलईडी पॅनल, एक बूम माईक. २४ फ्रेमवर शूट केलंय. घर अजून चार रात्री मिळणार आहे, त्यामुळे काही शॉट पुन्हा घेता येतील.

अडचण अशी की मांजर आणि आरसा दोन्ही पाहणाऱ्यांना आधीच कळतात, आरशाच्या वेळी तर लोक हसतात. हे ठरलेले संकेत काढून टाकायचे नाहीत, भयपटात ते हवेतच असं वाटतं. पण ते चालावेत कसे? शिवाय रात्र निळी आणि खोटी दिसते, आणि रेंज गेल्याची सबब कुणाला पटत नाही.

कापाकापी

दचका येणार हे प्रेक्षक चार खुणांवरून ओळखतो. संगीत चढत जाऊन अचानक थांबतं, पात्राच्या खांद्यामागे फ्रेममध्ये रिकामी जागा राहते, शॉट नेहमीपेक्षा लांबतो, आणि पात्र काहीतरी उघडून मिटतं. तुमच्या आरशात या चारही खुणा एकाच शॉटमध्ये आलेल्या दिसतात. निदान दोन तरी काढा. संगीत पूर्ण काढा, आणि खांद्यामागची रिकामी जागा आधीच्या प्रसंगांत तीन-चार वेळा दाखवा, जिथे काहीही घडत नाही. नवव्या मिनिटाला तशी फ्रेम आली तर मग ती खूण उरत नाही, ती या चित्रपटाची नेहमीची चौकट झालेली असते.

आता मांजर. खोटा दचका, सुटकेचा श्वास, मग खरा दचका, हा क्रम फार जुना आहे. १९४२ च्या 'कॅट पीपल'मध्ये बाई रात्री रस्त्याने चाललीय, मागे पावलं वाजतायत, आणि एकदम फिस्स करून बस येऊन थांबते. निर्माता वॅल ल्यूटन, म्हणून असल्या दचक्याला आजही 'ल्यूटनची बस' म्हणतात. तो प्रसंग अजून टिकून आहे, कारण बस त्या रस्त्यावरचीच आहे आणि तिच्या ब्रेकचा आवाज जनावराच्या गुरगुरण्यासारखा सुरू होतो. प्रेक्षकाला ज्याची भीती घातली आहे तेच क्षणभर कानावर येतं. तुमच्या मांजराचा गोष्टीशी काही संबंध नाही. त्याऐवजी कौलांवर माडाची झावळी पडू द्या. पावसाळ्यात ते रोजचं आहे, आवाज दणदणीत आहे, आणि वर कुणीतरी चालतंय असा भास आधी दोनदा पेरून ठेवता येतो. जनावर वापरलंत आणि पुढे सेन्सॉरकडे जायचं ठरलं तर पशुकल्याण मंडळाची शूटिंगपूर्व परवानगीही लागते. ती कटकट वाचेल.

खोटा आणि खरा दचका यांत चार-पाच सेकंदच सोडली तर सगळे सावध बसतात. ४० ते ५० सेकंद जाऊ द्या, आणि त्या वेळात तिला हाताने करायचं काम द्या: ट्रंक उघडणं, कागद वाचणं, काडी पेटवणं. प्रेक्षक ते काम बघायला लागला की खांदे सैल पडतात.

सर्वात महत्त्वाचं आता. मोठ्या आवाजाच्या साधारण ३० ते ३०० मिलिसेकंद आधी एखादा बारीक आवाज झाला, तर शरीराची दचकण्याची प्रतिक्रिया आपोआप दबते. मानसशास्त्रात हे नीट तपासलेलं आहे. २४ फ्रेमवर एक फ्रेम म्हणजे जवळपास ४२ मिलिसेकंद. म्हणजे ठोक्याच्या (दचक्याच्या मोठ्या आवाजाच्या) आधीच्या आठ फ्रेममध्ये कपड्यांची सळसळ, श्वास, कडीचा टकटक आवाज, काहीही नको. आरशाच्या कपाटाचं दार बंद होताना 'टक' वाजतं आणि लगेच तुमचा ठोका येत असेल, तर तो 'टक'च दचका खाऊन टाकतोय. टाइमलाइन मोठी करून बघा.

रातकिडा

आवाजाचं सांगतो.

संगीत काढलं म्हणजे ट्रॅक रिकामा ठेवायचा असं नाही. पूर्ण शून्य आवाज आला की ऐकणाऱ्याला फाइल बिघडली असं वाटतं. त्या खोलीतलाच, कुणी न हलता, न बोलता घेतलेला दोन मिनिटांचा आवाज खाली अंथरा, उणे ५० डेसिबलच्या आसपास. प्रत्येक जागेचा वेगळा घ्या: माजघर, न्हाणीघर, पडवी. कौलांखाली आणि फरशीच्या न्हाणीघरात घुमण्यात बराच फरक असतो.

शांतता आणायला कोकणात सगळ्यात चांगलं साधन म्हणजे रातकिडे. कुणी जवळून गेलं की ते थांबतात, हे गावाकडच्या प्रत्येकाला माहीत आहे. पहिल्या पाच मिनिटांत रातकिडे सतत ठेवा. एकदा ती स्वतः परसात जाते तेव्हा त्या बाजूचे गप्प होतात, ती आत आली की परत सुरू होतात. नियम कळला. नंतर ती आत खुर्चीवर बसलेली असताना परसातले रातकिडे थांबले, की काहीही न दाखवता माणूस ताठ बसतो. आठ-दहा सेकंद थांबा. घाई करू नका.

मात्र शूटिंगच्या वेळी तेच रातकिडे घात करतात. संवादाच्या मागे ते असतील तर प्रत्येक कटला आवाज उडी मारतो. त्यांचा आवाज बहुतेक ४ ते ८ किलोहर्ट्झमध्ये असतो, तिथे अरुंद फिल्टर लावून थोडं दाबता येतं, पण 'स' आणि 'श'ही बोथट होतात. खिडक्या बंद करून, जाड गोधड्या टांगून, माईक तोंडापासून ३०-४० सेंमीवर ठेवून संवाद घ्या. पावसात कौलाखाली संवाद घेण्याचा नादच सोडा, ते नंतर डब करा.

चढत जाणारा सूर ठेवायचाच असेल तर तो शिखरावर नेऊन ठोक्याला जोडू नका. मधेच, तीन सेकंद आधी, एखाद्या साध्या कटवर तोडून टाका.

खालच्या घरघरीवर जास्त भिस्त नको. १८-१९ हर्ट्झचा न ऐकू येणारा सूर घातला की लोक घाबरतात असा सल्ला बरेचदा मिळतो. मोबाइल आणि लॅपटॉपचे स्पीकर २०० हर्ट्झच्या खालचंच धड वाजवत नाहीत, तिथे १९ कुठून वाजणार? ठोक्यात ३०० ते १००० हर्ट्झचा एक थर नक्की ठेवा: लाकडावर लाकूड, पितळी भांडं, झोपाळ्याची कडी. झोपाळ्याची कडी ९६ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करून निम्म्या वेगाने वाजवा. सूर एक सप्तक खाली येतो आणि कडीचा खरखरीतपणाही शिल्लक राहतो.

पडवी

दोघांचेही आभार. 'टक' तपासला, ठोक्याच्या पाच फ्रेम आधी आहे. झावळी पटली.

मग आरशात बाई दाखवायचीच नाही का? आणि तो शॉट परत घ्यायचा तर एक अडचण आहे: कॅमेरा आरशात येऊ नये म्हणून फार बाजूने घेतला होता, त्यामुळे आरसा जेमतेम दिसतो.

वात_आणि_काजळी

आधी कॅमेऱ्याचं. कपाटाचं दार पूर्ण मिटू देऊ नका. आत बिजागरीच्या विरुद्ध कडेला पुठ्ठ्याची घडी अडकवा. ४० सेंमी रुंद दाराची कड २ सेंमी पुढे राहिली की दार सुमारे ३ अंश फिरलेलं राहतं, प्रतिबिंब त्याच्या दुप्पट म्हणजे ६ अंश सरकतं. दीड मीटरवर हा फरक १५-१६ सेंमीचा होतो, तेवढ्यात कॅमेरा आरशाबाहेर जातो. पडद्यावर दार मिटलेलंच वाटतं. कॅमेऱ्यावर आणि तुमच्या अंगावर काळं कापड हवंच, ट्रायपॉडचे चकाकणारे पायही झाका.

नटीची नजर: तिने आरशात स्वतःच्या डोळ्यांत पाहिलं तर पडद्यावर ती भलतीकडे बघताना दिसते. तिला आरशात लेन्सच्या किंचित बाजूला बघायला सांगा. काचेवर तिथे पेन्सिलीने ठिपका काढून ठेवा.

फोकस आरशाच्या काचेपर्यंतचा धरायचा नाही, काचेपर्यंतचं आणि काचेपासून पुढचं, दोन्ही अंतरं मिळून धरायचा. कॅमेरा काचेपासून दीड मीटर, नटी ६० सेंमी, म्हणजे फोकस २.१ मीटरवर. मागची बाई काचेपासून अडीच मीटरवर असेल तर ती लेन्सच्या हिशेबाने ४ मीटरवर. ३५ मिमी आणि एफ २.८ वर साधारण १.८५ ते २.४५ मीटर एवढंच धारदार राहतं. मागची आकृती पुसट येते, माणूस आहे एवढं कळतं, चेहरा कळत नाही. तेच हवं. ऑटोफोकस बंद ठेवा, नाहीतर तो काचेवरच्या डागांवर जातो.

आता बाई दाखवायची कशी. दार मिटतं तेव्हा मागे काहीच दिसत नाही, फक्त काळा बोळ. दोन-तीन सेकंद तसंच. ती तोंड धुते, खिडकीत ठेवलेला कंदील उचलते आणि निघते. कंदील हलल्यावर उजेड बोळात सरकतो आणि तिथे बाई उभी असते, शॉटच्या पहिल्या फ्रेमपासून. ठोका नको. कंदिलाबरोबर उजेड पुढे जातो आणि ती परत काळोखात जाते. बाईच्या साडीचा रंग मातकट घ्या. पांढरी साडी अंधारातही उचलून दिसते आणि शॉट आधीच फुटतो.

खऱ्या वातीवर हे उजळणार नाही. कंदिलाच्या काचेमागे, कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूला, २७०० केल्व्हिनचा (पिवळसर उजेडाचा) बॅटरीवरचा छोटा एलईडी बांधा आणि वात नुसती दिसायला ठेवा.

रात्र निळी दिसते कारण बहुधा पॅनलवर निळी फिल्टर लावलीय किंवा ग्रेडमध्ये (नंतर रंग जुळवताना) निळा ओतलाय. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ४३०० केल्व्हिनवर पक्का करा. ५६०० चा पॅनल आपोआप किंचित थंड दिसेल, कंदील नारिंगी दिसेल, वेगळा निळा लागत नाही. पॅनल घराबाहेरून, खिडकीच्या गजांतून आत मारा. आतल्या आत लावलेला चंद्रप्रकाश पहिल्या नजरेला खोटा कळतो, कारण त्याला यायला वाट नसते. अंगणातला जांभा आणि पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) पाणी मारून ओली करा. ओल्या दगडावर उजेडाची कड उमटते, कोरडा जांभा नुसता काळा खड्डा दिसतो.

फ्रेम कमी उजळ घेऊन संगणकावर वर ओढू नका, सावल्यांत किड्यांसारखे दाणे वळवळतात. थोडं उजळ घ्या आणि नंतर खाली आणा. प्रत्येक रात्रीच्या फ्रेममध्ये एक तरी उजळ ठिपका हवा, वात, पितळी तांब्याची कड, काहीही. त्याच्या तुलनेत डोळ्याला बाकीचा अंधार हा अंधार वाटतो. तो नसेल तर चित्र नुसतंच मळकट वाटतं.

आणि शटर १/५० ठेवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, २४ फ्रेमला नेहमीचं १/४८ ठेवलं तर जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकू शकतं.

सोडमुंज

लेखनाकडून एक आक्षेप. आरशाचा शॉट कितीही सुंदर झाला तरी प्रेक्षकाला आधी काही माहीत नसेल तर तो तीन सेकंदांत संपेल. हिचकॉकने १९६२ च्या मुलाखतीत त्रूफोला टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं: बॉम्ब अचानक फुटला तर १५ सेकंदांचा धक्का, तो तिथे आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितलं तर १५ मिनिटांची धाकधूक. तुमच्याकडे १४ मिनिटं आहेत. बोळातली ती मातकट साडी तिसऱ्या मिनिटाला, दिवसाउजेडी, पुतणी फोनवर बोलत असताना मागे पुसट दिसू द्या. दोरीवर वाळत घातलेली वाटावी. पुढच्या शॉटमध्ये दोरी रिकामी. निम्म्या लोकांच्या नजरेतून सुटेल, हरकत नाही. ज्यांनी पाहिलं ते पुढची अकरा मिनिटं प्रत्येक कोपरा तपासत बसतील.

रेंजचं: गरज पडते त्याच क्षणी रेंज गेली की ती लेखकाने घालवलेली असते. ती पहिल्याच मिनिटाला गैरसोय म्हणून येऊ द्या. घरात रेंजची एकच काडी, सड्यावर (वरच्या कातळाच्या पठारावर) चढलं की पूर्ण, शेजारीण सांगते, "फोन करूचो तर वर जावक् व्हया." पुतणी दिवसा एकदा वर जाऊनही येते. रात्री वीज गेल्यावर काही तासांनी टॉवरची बॅटरी संपते आणि असलेली काडीही जाते. वीज आणि रेंज या तुमच्या दोन वेगळ्या सबबी होत्या, आता एकीतून दुसरी येते. घड्याळ दोनदा दाखवा म्हणजे मधला वेळ पटेल.

"ती निघून का जात नाही?" हा प्रश्न प्रत्येक भयपटाला चिकटलेला असतो. उत्तर एकच आणि ठोस हवं. शेवटची एसटी साडेसहाला गेली, हे एक वाक्य पुरतं. बाकी नियम साधा आहे: त्या क्षणी तिला जेवढं माहीत आहे तेवढ्यात तिचा निर्णय बरोबर असला पाहिजे. आवाज आला म्हणून अंधारात "कोण आहे?" विचारत जाणारी बाई हास्यास्पद होते. पावसाचं पाणी कागदांच्या ट्रंकेकडे वाहतंय म्हणून जाणारी बाई शहाणीच वाटते, आणि जागा तीच असते.

शेवटच्या पळण्याबद्दल मात्र आग्रहाने सांगतो. पाय घसरून पडणं, किल्ली न लागणं हे सगळं उसनं आहे. तुमच्या हातात चकवा आहे, तो वापरा. माणूस वाट चालत राहतो आणि फिरून त्याच जागी येतो, हे आपल्याकडे समजावून सांगावं लागत नाही. पुतणी पळू द्या, घराबाहेर पडू द्या. पाखाडी उतरते, गडग्याला (दगडी कुंपणाला) वळसा घालते, आणि समोर तीच पाखाडी.

घ्यायचा असा: ट्रायपॉडच्या पायांच्या जागा चुन्याने आखून ठेवा. तिन्ही फेऱ्या त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून, ३५ मिमीवरच. ती दर वेळी फ्रेमच्या डावीकडून शिरून उजवीकडे बाहेर पडते. दिशा एकच राहिली की डोळ्याला ती पुढे पुढे जातेय असंच वाटतं, आणि जागा मात्र तीच. एकदा जरी उजवीकडून शिरली तर प्रेक्षक समजेल की ती स्वतःहून परत फिरली, चकवा मोडला. पहिली फेरी १२ सेकंद, दुसरी ८, तिसरी पुन्हा लांब. पहिल्या फेरीत तिची चप्पल पायरीवर निसटते. दुसऱ्या फेरीत चप्पल तिथेच. तिसऱ्या फेरीत दोन्ही चपला जोडीने, उंबऱ्याशी काढून ठेवाव्यात तशा. दुसरी चप्पल तोवर तिच्या पायातच असते, म्हणून तिसऱ्या फेरीत तिचा चेहरा आधी आणि पाय नंतर दाखवा.

पडवी

चकवा घेतोय, शेवट तिथेच करावा असं वाटतंय. उंबरठ्यावरचं रक्त तरीही एक शॉट ठेवायचं आहे, पण ते डांबरासारखं काळं दिसतं. कुंकवाचं पाणी वापरलं होतं.

वात_आणि_काजळी

लाल रंग निळसर उजेड परत फेकत नाही, म्हणून थंड पॅनलखाली ते काळंच दिसणार. त्या शॉटला कंदील उंबरठ्याजवळ आणा. कुंकवाचं पाणी फार पातळ असतं, लाकडात मुरतं आणि डाग जात नाही. बेकरीचं सामान विकणाऱ्यांकडे लिक्विड ग्लुकोज मिळतं. २०० मिली घ्या, ४०-५० मिली गरम पाण्यात सैल करा, लाल खाण्याचा जेल रंग एक छोटा चमचा, कोको पावडर अर्धा चमचा, निळ्या रंगाचा एकच थेंब. भांड्यात किंचित तपकिरी वाटलं तर पडद्यावर बरोबर येतं. भांड्यातच लालचुटूक दिसलं तर पडद्यावर सरबत दिसेल. उंबरठ्याला आधी मेण चोळा म्हणजे पुसता येईल. मुंग्या दहा मिनिटांत येतात, शॉट लावून झाल्यावरच ओता. हळद आणि चुन्याचा लाल रंग काही जण सुचवतात, तो अंगावर अजिबात नको, चुन्याने कातडी भाजते.

कापाकापी

चकव्यावर संपवताय तर रक्त चकव्याच्या आधी घ्या, ती घराबाहेर पडतानाच, आणि दीड सेकंदापेक्षा जास्त ठेवू नका. नंतर आलं तर चपलांचा शेवट मरेल.

रातकिडा

चकव्याच्या तिसऱ्या फेरीत रातकिडे बंद ठेवा, फक्त पाऊस.

मिश्रण संपवताना संवाद उणे १८ डेसिबलच्या आसपास, झावळीचा दणका उणे ३ पर्यंत. सगळंच मोठं करू नका. यूट्यूब उणे १४ लफ्सपेक्षा (लफ्स म्हणजे आवाजाच्या सरासरी पातळीचं माप) मोठी फाइल स्वतःहून खाली ओढतं आणि शांत जागा त्याबरोबर ऐकूच येईनाशा होतात. फाइल चढवण्याआधी एकदा मोबाइलच्या स्पीकरवर, पंखा चालू ठेवून ऐका. परसातले रातकिडे थांबलेले तेव्हाही कळले तर मिश्रण बरोबर आहे. नाही कळले तर आधी त्यांना ४ डेसिबल वर घ्या.